भक्षक असले की प्रजाती वाढतात का? अन्नजाळ्याची गुंतागुंत, प्रजातिवैविध्य आणि आपली ठाणे खाडी

भरतीओहोटी (ऐरोली) यांचा प्रश्न

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गाला घेऊन ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेले होते. परत आल्यावर आम्ही फळ्यावर ठाणे खाडीचे अन्नजाळे मांडले. तिवराची गळून पडलेली पाने, चिखलावरचे सूक्ष्म शैवाल, खेकडे, निवट्या, कोळंबी, बोई, जिताडा, बगळे, खंड्या, घार आणि अर्थात रोहित पक्षी, असे करत करत फळा भरला. शेवटी मी नेहमीचे वाक्य सांगितले, की जाळ्यात जितके धागे जास्त, तितके ते बळकट आणि तितकी त्यात विविधता अधिक.

तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की भक्षक तर भक्ष्याची संख्या कमी करतो, मग भक्षक वाढल्यावर प्रजाती वाढतील कशा? आणि जाळे जितके गुंतलेले, तितका एका टोकाला बसलेला धक्का सगळीकडे पोहोचणार नाही का? सुट्या सुट्या साखळ्या असतील तर नुकसान निदान एका साखळीपुरते राहील. हे दोन्ही आक्षेप मला रास्त वाटले आणि त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. दुसऱ्या एका मुलाने विचारले, की खाडीत रोहित पक्षी लाखाच्या घरात येतात, म्हणजे आपल्या खाडीचे अन्नजाळे समृद्ध आहे असे म्हणता येईल का?

पाठ्यपुस्तकातले वाक्य पुन्हा वाचून दाखवून मला या मुलांना गप्प करायचे नाही. या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नौपाडेकर यांचे उत्तर

आपल्या विद्यार्थिनीच्या पहिल्या आक्षेपाला प्रयोगाने दिलेले उत्तर उपलब्ध आहे आणि ते साठ वर्षांपूर्वीचे आहे. मी प्राणिशास्त्र शिकवत असताना दर वर्षी एक पूर्ण तास याच प्रयोगाला देत असे, कारण पर्यावरणशास्त्रात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचित सापडतो.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक किनाऱ्यावर मकॉ बे नावाचा खडकाळ उपसागर आहे. तेथे पर्यावरणशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून खडकाचा सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंच पट्टा निवडून त्यावरचे सगळे तारामासे नियमितपणे उचलून दूर टाकण्यास सुरुवात केली. शेजारचा तसाच पट्टा त्यांनी तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवला. तारामासा हा तिथला सर्वांत वरचा भक्षक. शिंपले, शंखगोगलगायी आणि बार्नेकल, लिम्पेट, कायटन हे खडकाला चिकटून राहणारे कवचधारी जीव, हे सगळे त्याचे भक्ष्य. भक्षक गेल्यामुळे ही भक्ष्ये सुखाने नांदतील आणि प्रजातींची संख्या टिकेल किंवा वाढेल, असे आपल्या विद्यार्थिनीप्रमाणे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आधी बार्नेकलांनी बहुतेक जागा व्यापली, पुढे शिंपल्यांनी त्यांनाही रेटून बाजूला सारले, आणि पेन मोजत असलेल्या पंधरा प्रजातींपैकी आठच उरल्या. तारामासे असलेल्या शेजारच्या पट्ट्यात असा ऱ्हास झाला नाही. हे निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाले आणि १९६९ मध्ये पेन यांनीच अशा भक्षकासाठी ‘कळीची प्रजाती’ ही संज्ञा वापरली.

याचे कारण असे, की भरती-ओहोटीच्या खडकावर अन्नाची ददात नसते. ते पाण्याबरोबर रोज येते. तिथे वानवा असते ती चिकटून बसण्याच्या जागेची. शिंपला ही जागा बळकावण्यात सर्वांत तरबेज असल्यामुळे त्याला कोणी आवर घातला नाही, तर तो बाकीच्यांना उपाशी मारत नाही, तर बेघर करतो. तारामासा नेमका हाच शिंपला मोठ्या प्रमाणावर खातो आणि खडकावर मोकळे तुकडे तयार होत राहतात. म्हणजे भक्षक आपल्या भक्ष्याची संख्या कमी करतो हे खरेच आहे. पण ज्या एका भक्ष्याची संख्या कमी होते, त्याने अडवलेली जागा अनेकांना मिळते.

मात्र याचा अर्थ ‘भक्षक आले की विविधता वाढते’ असा सरसकट घेऊ नये. जेन लुबचेंको यांनी १९७८ साली न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एका शैवालखाऊ गोगलगायीवर केलेले काम याच्या जोडीने शिकवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ही गोगलगाय मऊ हिरवे शैवाल आवडीने खाते आणि चिवट लाल-तपकिरी शैवाल टाळते. खडकातल्या पाण्याच्या डबक्यांत स्पर्धा जिंकणारे शैवाल हे मऊ हिरवेच असते. त्यामुळे तिथे गोगलगायी मध्यम संख्येने असल्या, तर सर्वाधिक जातींची शैवाले नांदतात. गोगलगायी फारच थोड्या असतील तर हिरवे शैवाल सगळे व्यापते आणि फारच जास्त असतील तर फक्त चिवट शैवाल उरते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर मात्र स्पर्धा जिंकणारे शैवाल चिवट जातीचे असते. तिथे तीच गोगलगाय आधीच हरत असलेल्यांना खाते आणि विविधता कमी करते. प्राणी तोच, आवडनिवड तीच, किनाराही तोच; परिणाम मात्र उलटा. म्हणून प्रश्न असा विचारावा, की भक्षक ज्याला खातो तो स्पर्धेत जिंकणारा आहे की हरणारा.

संख्याछंद (घोडबंदर रोड) यांचे उत्तर

मी जीवशास्त्राचा नाही, गणिताचा आहे; पण दुसरा आक्षेप, म्हणजे गुंतलेल्या जाळ्यात धक्का दूरवर पोहोचतो हा, गणितात फार गाजलेला आहे आणि त्याबद्दल मला लिहिता येईल. आपल्या विद्यार्थिनीला कृपया सांगावे, की तिला पडलेली शंका १९७२ साली रॉबर्ट मे यांनाही पडली होती.

त्याआधी प्रचलित मत आपण फळ्यावर सांगितलेत तेच होते. १९५५ साली रॉबर्ट मॅकआर्थर यांनी मांडले होते, की ऊर्जा वर जाण्याच्या वाटा जितक्या अधिक, तितका समूह स्थिर, कारण एक वाट बंद झाली तर दुसरी असते. चार्ल्स एल्टन यांनीही १९५८ मध्ये याच बाजूने लिहिले. एकाच पिकाची शेते आणि लहान बेटांवरचे समूह कीड किंवा परकी प्रजाती आली की सहज कोसळतात, हा त्यांचा एक पुरावा होता.

मे यांनी हे मत समीकरणात घालून तपासले. समजा, प्रजातींची संख्या अमुक आहे, एकूण संभवणाऱ्या दुव्यांपैकी (म्हणजे दोन प्रजातींमधल्या संबंधांपैकी) प्रत्यक्षात असलेल्या दुव्यांचे प्रमाण अमुक आहे, आणि दुव्यांचा सरासरी जोर अमुक आहे. दुवे यदृच्छया, म्हणजे चिठ्ठ्या टाकून जोडल्यासारखे जोडलेले आहेत. तर प्रजातींची संख्या गुणिले दुव्यांचे प्रमाण, याच्या वर्गमुळाला दुव्याच्या जोराने गुणले असता येणारा आकडा एकापेक्षा कमी असेपर्यंतच मोठे जाळे स्थिर राहते. तो एकाच्या वर गेला की लहानसा धक्काही वाढत जातो.

हे आकड्यांनी करून पाहावे. २५ प्रजाती घेतल्या आणि दुव्यांचे प्रमाण ०.१६ धरले, तर गुणाकार ४ येतो, वर्गमूळ २, म्हणून दुव्याचा जोर ०.५ पेक्षा कमी असायला हवा. प्रमाण तेच ठेवून प्रजाती १०० केल्या, तर गुणाकार १६, वर्गमूळ ४, आणि परवडणारा जोर ०.२५. म्हणजे प्रजाती चौपट झाल्या तर प्रत्येक दुवा निम्मा दुबळा व्हायला हवा. जोर ०.५ च ठेवायचा असेल, तर १०० प्रजातींच्या जाळ्यात दुव्यांचे प्रमाण ०.०४ वर उतरवावे लागेल. आता गंमत पाहावी, २५ प्रजाती आणि ०.१६ म्हणजे १०० दुवे. १०० प्रजाती आणि ०.०४ म्हणजे ४०० दुवे. दोन्हीकडे प्रजातीमागे दुवे चारच. प्रजाती कितीही वाढोत, प्रत्येकीचे जोरकस संबंध मोजक्यांशीच असावेत, हे या साध्या गणितातून निघते.

मे यांनी ‘निसर्गातील गुंतागुंतीची जाळी टिकत नाहीत’ असे म्हटले नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. पावसाळी जंगले आणि प्रवाळभित्ती आपल्यासमोर आहेतच. त्यांनी दाखवले ते एवढेच, की नुसत्या गुंतागुंतीतून स्थैर्य येत नाही. ते येत असेल तर जाळ्याच्या विशिष्ट रचनेतून येत असले पाहिजे. त्यानंतरचा बराचसा शोध या रचनेचाच आहे. १९९८ साली केव्हिन मॅकॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की थोडे जोरकस आणि पुष्कळ दुबळे असे दुवे असतील, तर दुबळे दुवे जोरकस दुव्यांमुळे होणारे चढउतार शमवतात. नौपाडेकर सरांनी उल्लेख केलेल्या पेन यांनीही १९९२ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर दुव्यांचा जोर प्रत्यक्ष मोजला होता आणि त्यांना बहुतेक दुवे दुबळे, एखाद-दुसरा जोरकस असेच चित्र दिसले. गणिताने घातलेली अट आणि खडकावर केलेली मोजणी एकमेकींशी जुळावी, याचा मला आजही मनापासून आनंद होतो.

सुट्या साखळ्यांबद्दलची तिची कल्पनाही अगदी चुकीची नाही. जाळ्यात घट्ट गट असले आणि गटागटांत विरळ दुवे असले, तर धक्का गटापुरता मर्यादित राहू शकतो. पण पूर्ण सुट्या साखळीत एक कडी गेली की वरचे सगळे उपाशी मरतात, हा धोका उरतोच. २००२ साली जेनिफर डन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्षातील अन्नजाळ्यांतून संगणकावर एकेक प्रजाती काढून पाहिली, तेव्हा सर्वाधिक दुवे असलेल्या प्रजाती गेल्यास जाळी लवकर ढासळली. मात्र दुव्यांचे एकूण प्रमाण जास्त असलेली जाळी अधिक तग धरून राहिली. म्हणजे ‘स्थिर’ या शब्दाने आपण काय मोजतो, धक्क्यानंतर मूळ पदावर येणे की प्रजाती न गमावणे, यावर उत्तर बदलते. वर्गात ही दोन्ही वेगवेगळी सांगावीत.

वाशीगाव कोळीवाडा यांचे उत्तर

मॅडम, मी अभ्यासक नाही. आमचे घर पिढ्यान् पिढ्या खाडीवर आहे. वडील पाग (फेकजाळे) टाकत आणि मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर होडीत असे. आपल्या फळ्यावरच्या जाळ्यात एक गोष्ट मला राहून गेलेली दिसते, ती म्हणजे पाणी. उधाणाच्या भरतीला पाणी कांदळवनात आतपर्यंत शिरते, तेव्हा बोई, कोळंबी आणि जिताड्याची पिल्ले पाण्याबरोबर आत जातात आणि ओहोटीला चर धरून बाहेर येतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी आत पोहोचतच नाही. म्हणजे कोण कोणाला खाणार, हे महिन्यातून दोनदा बदलते. निवटी ओहोटीला चिखलावर असते तेव्हा तिला बगळा खातो. भरतीला ती बिळात जाते. एकच चित्र काढून ते बारा महिने खरे धरता येणार नाही.

दुसरे असे, की भराव घालून किंवा नाल्याचे तोंड बुजवून एखाद्या पाणथळीत भरतीचे पाणी येणे थांबले, तर काय होते ते आम्ही पाहिले आहे. पक्षी एकदम जात नाहीत. आधी चिंबोऱ्या आणि निवट्या दिसेनाशा होतात, पाण्यावर हिरवा तवंग येतो, पाण्याला वास येऊ लागतो, आणि पक्षी सर्वांत शेवटी कमी होतात. पक्षी मोजणाऱ्यांना बिघाड कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. हे सांगताना मला फार वाईट वाटते, कारण चिखलात हात घालणाऱ्या माणसाला ते महिनोन् महिने आधी कळलेले असते आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

नौपाडेकर सरांना एक विचारायचे आहे. सर, शिंपल्यांनी खडक व्यापला की बाकीच्या प्रजाती गेल्या असे आपण लिहिले. पण आमच्याकडे जेट्टीच्या खांबांवर आणि दगडांवर कालवांचा जाड थर असतो. त्या थराच्या फटींत लहान खेकडे, किडे, बारीक कोळंबी असे किती तरी जीव राहतात. उघड्या दगडावर यातले काहीच नसते. मग कालवे वाढली तर जीव कमी झाले म्हणावे की वाढले?

पाणथळ (सीवूड) यांचे उत्तर

रोहित पक्ष्यांबद्दलचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहिते. मी काही वर्षे हिवाळी पक्षिगणनेत स्वयंसेवक म्हणून काम केले आहे आणि या पक्ष्यांवर माझा अतिशय जीव आहे. तरीही त्या मुलाला ‘नाही, एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही’ असेच उत्तर द्यावे, असे मला वाटते.

आपल्याकडे मोठ्या संख्येने येतो तो छोटा रोहित. त्याच्या चोचीतली गाळणी इतकी बारीक असते, की तो मुख्यतः सूक्ष्म नीलहरित शैवाल आणि डायटम (एकपेशीय शैवाल) गाळून खातो. मोठ्या रोहिताची गाळणी जाड असते, म्हणून तो लहान कवचधारी, कृमी आणि मृदुकाय प्राणी खातो. छोट्या रोहिताची अन्नसाखळी म्हणजे शैवाल आणि लगेच पक्षी, इतकी आखूड आहे. पूर्व आफ्रिकेतील बोगोरियासारख्या सोडायुक्त तलावांवर छोटे रोहित प्रचंड संख्येने जमतात, आणि त्या अतिखारट, अल्कधर्मी पाण्यात प्रजाती मोजक्याच टिकतात. पक्ष्यांचे पोट मुख्यतः एका प्रकारच्या नीलहरित शैवालावर भरते. पक्ष्यांचे थवे अफाट आणि अन्नजाळे अत्यंत साधे, अशी स्थिती तिथे असू शकते.

आपल्या खाडीत हे थवे नियमित दिसू लागले ते १९९० च्या दशकापासून. खाडीत दोन्ही काठांच्या शहरांचे सांडपाणी येते, त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे शैवाल वाढते आणि ते खाणाऱ्यांना मेजवानी मिळते, हे या वाढीचे एक कारण मानले जाते. अन्न वाढले की जाळे सुधारते असा आपला समज असतो. पण मायकेल रोझेनझ्वाइग यांनी १९७१ साली गणिताने दाखवले होते, की भक्ष्याला मिळणारे पोषण फार वाढवले, तर भक्षक-भक्ष्याची जोडी मोठ्या चढउतारांत सापडून कोसळू शकते. शिवाय कुजणाऱ्या पदार्थांमुळे गाळातला प्राणवायू कमी झाला, की तो सहन करणारे थोडेसे कृमी तेवढे अमाप वाढतात आणि बाकीचे नाहीसे होतात. अशा वेळी एकूण जीव वाढलेले असतात आणि प्रजाती घटलेल्या असतात.

याचा अर्थ २०१५ साली जाहीर झालेले रोहित अभयारण्य किंवा २०२२ मध्ये खाडीला मिळालेला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा यांचे मोल कमी आहे असा मुळीच नाही. त्या संरक्षणात कांदळवन आणि चिखलाचा पट्टा येतो, आणि माझ्या मते खाडीच्या अन्नजाळ्याचा खरा आधार तोच आहे. या जाळ्याला दोन मुळे आहेत. एक, चिखलावरचे जिवंत शैवाल. ते झपाट्याने वाढते, झपाट्याने खाल्ले जाते. दुसरे, तिवराची गळलेली पाने; खेकडे ती कुरतडतात, बुरशी आणि जिवाणू ती कुजवतात, आणि तो कुजका चुरा कोळंबीपर्यंत सावकाश पोहोचतो. नील रूनी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडले, की असा एक जलद आणि एक मंद प्रवाह असावा आणि वरच्या भक्षकांनी दोन्हींवर पोट भरावे, ही रचना जाळ्याला सावरून धरते. एकीकडचे अन्न कमी झाले की भक्षक दुसरीकडे वळतो आणि पहिल्याला सावरायला उसंत मिळते. आपल्याकडे जिताडा, बगळे आणि खंड्या ही जोडणी करतात असे मला वाटते, कारण ते दोन्ही बाजूंचे मासे आणि कोळंबी खातात. वाशीगावच्या दादांनी सांगितलेले भरतीचे पाणी थांबले, की ही जोडणीच तुटते.

नौपाडेकर यांचे पुन्हा उत्तर

वाशीगावच्या मित्रांनी विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे, की माझ्या पहिल्या उत्तरात त्याबद्दल लिहायला हवे होते. पेन यांनी मोजल्या त्या खडकाचा पृष्ठभाग व्यापणाऱ्या आणि डोळ्यांना सहज दिसणाऱ्या प्रजाती. शिंपल्यांच्या थराच्या आत राहणारे जीव त्या पंधरांत धरलेले नव्हते. पुढे टॉमस सुकानेक यांनी त्याच किनाऱ्यावरच्या शिंपल्यांच्या थरात शोध घेतला, तेव्हा सुमारे ३०० प्रकारचे जीव आढळले. २०१६ साली केव्हिन लॅफर्टी आणि सुकानेक यांनी पेन यांच्या प्रयोगाकडे याच नजरेने पुन्हा पाहिले. तेव्हा तारामासा काढल्यावर खडकावरच्या प्रजाती घटतात हे खरे, आणि शिंपल्यांच्या थरात दडलेल्या प्रजाती वाढतात हेही खरे. शिंपला एकाच वेळी जागा बळकावणारा स्पर्धक आणि इतरांना घर देणारा आश्रयदाता आहे, आणि अन्नजाळ्यात फक्त ‘कोण कोणाला खातो’ एवढेच बाण काढले, तर हे दुसरे नाते चित्रात येतच नाही. आपली कालवे आणि तिवराची श्वसनमुळे यांचेही असेच आहे.

मॅडम, वर्गासाठी एक सुचवतो. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीवाचून काहीही करू नये. पण एखाद्या सार्वजनिक जेट्टीवर ओहोटीच्या वेळी उभे राहून खांबाच्या वेगवेगळ्या उंचीवर २५ सेंटीमीटरची चौकट लावून मोजणी करायला हरकत नसावी. प्रत्येक चौकटीत दोन आकडे लिहावेत: वरून दिसणाऱ्या प्रजाती किती, आणि भिंगाने फटींत पाहिल्यावर आणखी किती. परवानगी मिळून कधी चिखलावर पक्ष्यांना अडवणारा जाळीचा पिंजरा ठेवता आला, तर शेजारी बाजू उघड्या असलेला तसाच पिंजराही ठेवावा. पिंजऱ्यामुळे पाण्याचा वेग मंदावून गाळ साचतो, आणि त्या गाळाचा परिणाम भक्षक नसल्याचा परिणाम म्हणून मोजला जाण्याची चूक अनेकांकडून झाली आहे.

भरतीओहोटी (ऐरोली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज वर्गात फळ्यावरचे जुने चित्र पुन्हा काढले आणि बाणांची जाडी बदलली. मुलांना जोरकस वाटलेले दुवे जाड आणि बाकीचे बारीक. कोणता बाण जाड असावा यावर पाऊण तास वाद झाला आणि बहुतेक ठिकाणी मुलांनी प्रश्नचिन्ह ठेवले. कालवांच्या थरातून त्यात राहणाऱ्या जीवांकडे तुटक रेषा काढल्या. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता, तिने संख्याछंद यांचे गणित फळ्यावर सोडवून दाखवले आणि नंतर विचारले, की आपल्या चित्रात प्रजातीमागे दुवे किती. मोजले, तर ते तीनच्या थोडे वर आले. पण जिवाणू, बुरशी आणि गाळातले सगळे कृमी आम्ही एकेका चौकोनात कोंबले आहेत, त्यामुळे हा आकडा खाडीचा नसून आमच्या चित्राचा आहे, हेही तिनेच सांगितले.

वाशीगावच्या दादांना विनंती आहे, की पुढच्या अमावास्येच्या उधाणानंतर ओहोटीला आम्ही जेट्टीवर मोजणीसाठी येऊ, तेव्हा त्यांना वेळ असेल तर तासभर आमच्याबरोबर थांबावे. फटींतून जे निघेल त्यातले निम्मे मला ओळखता येणार नाही, आणि त्या जीवांची आपल्या गावात चालणारी नावे मुलांच्या वहीत पुस्तकी नावांशेजारी लिहिली जावीत अशी माझी इच्छा आहे.